डाळिंबाच्या काड्या लावणीपूर्वीं कशा राखाव्यात

बुलढाणा जिल्ह्यांत घाटावरील देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागांत डाळिंबाच्या बागा आहेत. बियांपासून लावलेल्या झाडांत मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतीलच असा भरंवसा नसतो. म्हणून गुटी अगर काडी यांवर भिस्त ठेवावी लागते. परंतु काड्या तोडण्याचा दिवस व लावण्याचा दिवस नेहमींच जुळतात असें नाहीं. पिशव्या भरावयाच्या राहतात, विजेची पाळी अवेळीं येते, आणि काड्या गोठ्याच्या कोपऱ्यांत पडून राहतात. त्या मुदतींत त्यांचें काय होतें, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

तोडलेली काडी जिवंत असते. तिला मुळांकडून पाणी मिळणें बंद झालें, तरी तिचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो व साठविलेलें अन्न खर्चीं पडतें. उष्णता १० अंशांनीं वाढली कीं हा खर्च सुमारें दुप्पट होतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे १५ अंशांतील काडीपेक्षां ३५ अंशांतील काडी जवळजवळ चौपट वेगानें आपली शिदोरी संपविते. आणि नवीं मुळें फुटावयाचीं तीं याच शिदोरीवर! थंड देशांत द्राक्षाच्या काड्या हिवाळ्यांत, वेल निद्रिस्त असतांना तोडून वसंत ऋतूपर्यंत थंडींत ठेवतात. आपल्या हवेंत तितकी मुदत धरूं नये. त्याच दिवशीं लावणी करणें उत्तम. न जमल्यास थोडक्या दिवसांपुरतीच पुढील व्यवस्था करावी.

काड्या सकाळच्या थंड वेळीं, पक्व फांदीच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या व २० ते २५ सेंटिमीटर लांबीच्या घ्याव्यात. पानें लगेच काढावींत, कारण पानांवाटे पाणी उडून जातें. बुडाचा काप डोळ्याखालीं सरळ व शेंड्याचा तिरपा द्यावा, म्हणजे लावतांना काडी उलटी होत नाहीं. जुड्या बांधून पिळलेल्या ओल्या गोणपाटांत गुंडाळाव्यात व सावलींत ठेवाव्यात. गोणपाट ओलसर असावें. पाणी ठिबकत राहिल्यास बुरशी येते. विटांच्या दोन भिंतींमध्यें ओली वाळू भरून केलेला शीतकक्ष दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें प्रचारांत आणला आहे. विजेवांचून चालणारा तो कक्ष या कामीं उपयोगी आहे. घरच्या फ्रिजांत ठेवावयाच्या झाल्यास पिकलेल्या फळांजवळ ठेवूं नयेत. फळांतून निघणाऱ्या वायूनें डोळ्यांस अपाय होतो. लावणीपूर्वीं नखानें किंचित् साल खरवडून पाहावी. आंत हिरवी व ओलसर दिसेल ती काडी घ्यावी, तपकिरी दिसेल ती टाकावी.

साठवणीनें काडीचा रोग मात्र जात नाहीं. डाळिंबावरील तेल्या रोगाची आपल्या देशांत पहिली नोंद १९५२ सालीं दिल्लीकडे झाली. पुढें त्यानें महाराष्ट्रांतील कित्येक बागा उजाड केल्या. या रोगाचे जंतु फांदीवरील डागांत टिकतात व काडीबरोबर नव्या शेतांत जातात. फ्रान्सांतील द्राक्षमळे एकोणिसाव्या शतकांत फायलोक्सेरा नामक किडीनें उद्ध्वस्त केले, तीही अमेरिकेंतून आणलेल्या वेलींबरोबरच आली होती. म्हणून निरोगी झाडाचीच काडी तोडावी.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यानें एक सूचना अधिक करितों. प्रत्येक जुडीस चिठ्ठी बांधून तींत कोणत्या झाडाची, केव्हां तोडली, एवढें लिहावें. पुढें रोप रोगट निघालें अगर फळ कमी प्रतीचें आलें, तर त्याचें मूळ त्या चिठ्ठीवरूनच शोधतां येईल. डाळिंबाची बाग अनेक वर्षांची ठेव असते. तिच्या आरंभींच्या या चार दिवसांची काळजी शेतकरी बंधूंनीं अवश्य वाहावी.