मोटारसायकलच्या टायरसाठी दाबमापकाची निवड

वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि बंद टायरमधील हवा तापली की तिचा दाबही वाढत असल्यामुळे, हिंगणघाट वा आर्वीच्या रस्त्यावर भर दुपारी धावून आलेल्या मोटारसायकलचा दाब मोजल्यास आकडा फसवा येतो. साधारण 28 पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंडांत दाब सांगणारे एकक) दाबाच्या टायरमध्ये तापमानाच्या दर 10 अंशांमागे सुमारे दीड पीएसआयचा फरक पडतो; म्हणून गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, शक्यतो सकाळीच, दाब मोजावा.

तबकडीच्या मापकात वाकवलेली पोकळ धातूनळी दाबाने किंचित सरळ होते आणि काटा फिरवते. अशा मापकाची अचूकता बहुधा त्याच्या कमाल आकड्याच्या टक्केवारीत दिलेली असते. त्यामुळे 2 टक्के चूक गृहीत धरली, तर 160 पीएसआयपर्यंतच्या मापकात ती 3.2 पीएसआय, तर 60 पर्यंतच्या मापकात केवळ 1.2 पीएसआय भरते. नेहमीचा आकडा तबकडीच्या मध्यभागी येईल असे, म्हणजे शून्य ते 60 चे मापक मोटारसायकलला योग्य ठरते. चाकाचे आरे व डिस्क यांमधून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणारे वाकडे तोंड आणि हवा सोडून दाब कमी करण्याचे बटण असल्यास काम सोपे होते. डिजिटल आकडा दशांशापर्यंत दिसला, तरी तेवढ्यावरून अचूकता सिद्ध होत नाही. खात्रीच्या दुसऱ्या मापकाशी तो अधूनमधून ताडून पाहणे आवश्यक असते.