बरोबरीने वाजवणारा संगणक
जॉर्ज लुईस यांच्या संगीताची ओळख

मैफलीत साथ करणाऱ्याने कसे वागावे, हे आपण सारेच जाणतो. गायकाने तान घेतली की पेटीवाल्याने ती मागून उचलायची, तबलजीने ठेका सांभाळायचा. पुढे कोणी बसायचे आणि मागे कोणी, हे आधीच ठरलेले असते. ही उतरंड मोडून साथीदाराला बरोबरीचे स्थान देणारा, आणि तो साथीदार म्हणून चक्क संगणकाला शिकवून तयार करणारा एक संगीतकार अमेरिकेत आहे. वाचकांना त्याची ओळख व्हावी, यासाठी हा लेख.

जॉर्ज लुईस यांचा जन्म १९५२ साली शिकागो येथे झाला. ट्रॉम्बोन हे त्यांचे वाद्य. लांब नळी पुढेमागे सरकवून ते वाजवतात. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकाला 'जाझवाला' म्हणून टाळ्या मिळत. पण संगीतकार, म्हणजे नवे संगीत रचणारा विचारवंत, म्हणून त्याला मान मिळणे कठीण होते. यावर उपाय म्हणून शिकागोच्या कृष्णवर्णीय कलावंतांनी १९६५ मध्ये आपली स्वतःची संघटना काढली. 'असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स' हे तिचे नाव. सभासदांनी कार्यक्रमात स्वतःच्याच रचना सादर करायच्या, असा तिचा दंडक होता. मुलांसाठी तिने संगीताचे मोफत वर्गही चालवले. लुईस १९७१ मध्ये या संघटनेत आले. पुढे १९७४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हाती किम-१ नावाचा छोटा संगणक आला. संगणक कसला, नुसती उघडी सर्किटची पाटी! पडदा नाही, सहा अक्षरे उमटतील एवढी जागा, थोडीशी बटणे आणि स्मृती अवघी १ किलोबाइटच्या आसपास. एवढ्या भांडवलावर त्यांनी १९७९ मध्ये ट्रॉम्बोन आणि संगणक यांच्यासाठी 'द किम अँड आय' ही रचना केली. १९८४ मध्ये पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत त्यांनी 'रेनबो फॅमिली' सादर केली. तिच्यात संगणक प्रत्यक्ष वादकांबरोबर आयत्या वेळी सुचेल तसे वाजवत होते.

याच वाटेवर पुढे 'व्हॉयेजर' हा त्यांचा प्रसिद्ध प्रोग्रॅम तयार झाला. १९८६ ते १९८८ या काळात त्यांनी तो ॲमस्टरडॅम येथे घडवला. समोरचा वादक काय वाजवतो ते हा प्रोग्रॅम ऐकतो : सूर कोणते, जोर किती, वेग किती, मध्ये थांबतो किती. त्याच्या पोटात ६४ पर्यंत वादक कल्पिलेले आहेत. दर ५ ते ७ सेकंदांनी त्यांचे गट मोडतात आणि नवे बनतात. ऐकलेल्याला साथ द्यायची, वेगळाच सूर लावायचा की दुर्लक्ष करायचे, याचे बरेचसे निर्णय तो चिठ्ठी उचलावी तसे घेतो. समोर कोणी वाजवत नसले, तरी तो आपले संगीत चालू ठेवू शकतो. माणूस मालक आणि यंत्र नोकर, असे नाते इथे नाही. दोघांनी एकमेकांचे ऐकायचे, पण हुकूम कोणी कोणावर चालवायचा नाही!

लुईस यांनी २००० साली या प्रोग्रॅमवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी महत्त्वाचा मुद्दा मांडला. संगीताचा प्रोग्रॅम हा काही आकाशातून पडलेला, सर्वांना सारखाच लागू पडणारा नसतो. लिहिणाऱ्याच्या कल्पना, त्याच्या समाजाचे संस्कार त्यात उतरतात. 'व्हॉयेजर'मध्ये अनेक आवाज एकाच वेळी आपापले बोलतात. हा गुण कृष्णवर्णीयांच्या संगीतपरंपरेतून आला, असे ते अभिमानाने सांगतात.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तिथेच लुईस २००४ मध्ये प्राध्यापक झाले. २००८ मध्ये त्यांनी आपल्या संघटनेचा सविस्तर इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले.

आज मोबाईलवर चार शब्द लिहिले की संगणक गाणे तयार करून देतो. मुले कौतुकाने ते ऐकतात. ऐकू द्यावे. मात्र त्यांना एक प्रश्नही विचारायला शिकवावे : या यंत्राला गाणे शिकवले कोणी, आणि कोणाची गाणी शिकवली? घरातली मुलगी संगणकाच्या वर्गाला जात असेल, तर तिने केवळ बटण दाबण्यावर समाधान मानू नये. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या रांगेत तिनेही बसावे. १ किलोबाइटच्या पाटीवर लुईस यांनी हेच तर केले.