दुसऱ्या अध्यायाचे गायक

देवाचे गाणे कोणत्या चालीवर म्हणावे, हा वाद आपल्याला अपरिचित नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांना, परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या हृदयाला भिडत नाहीत, असे वाटे. म्हणून त्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन यांचा कैवार घेतला. पुढे अमेरिकेत हाच वाद गिटार आणि ड्रम यांवरून पेटला. एका भावंडांच्या वाद्यवृंदाच्या हकीकतीवरून तो चांगला समजतो.

वॉर्ड कुटुंबातील ॲनी, नेली आणि मॅथ्यू ही ती भावंडे. १९६८ साली त्यांची आई वारली, १९७० साली वडीलही गेले. मॅथ्यू तेव्हा अवघा बारा वर्षांचा होता. थोरली ॲनी आणि तिचे पती बक हेरिंग यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या घरी या दोघा धाकट्यांना आणले. ॲनी पियानोवर बसून गाणी रची आणि धाकटी दोघे तिला साथ देत. साथ म्हणजे आपल्यासारखे एका सुरात गाणे नव्हे. तिघांनी एकाच वेळी तीन वेगळे स्वर धरावयाचे आणि त्यांचा मेळ साधावयाचा, अशी ती रीत. कंठ एका घडणीचे आणि उच्चार एका घरचे असले म्हणजे हा मेळ फार एकजीव होतो. बक यांना ध्वनिमुद्रणाचे ज्ञान होते. ते घरातल्या या गाण्याच्या फार उपयोगी पडले.

वृंदाचे नाव ठेवले ‘सेकंड चॅप्टर ऑफ ॲक्ट्स’, म्हणजे बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय. त्यात कथा अशी : पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला. ते बोलू लागले, तेव्हा देशोदेशींच्या लोकांना ते बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. काहींनी मात्र ‘हे प्यालेले दिसतात’ अशी थट्टा केली.

नाव फारच समर्पक ठरले, असे मला वाटते. त्या सुमारास कॅलिफोर्नियात केस वाढविलेले, घरदार सोडलेले हिप्पी तरुण मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळत होते. त्यांची बोली म्हणजे रॉक संगीत. पण अनेक धर्मोपदेशकांच्या मते ड्रमचा तो ठेका वासना चाळवणारा, सैतानाचा होता. गंमत अशी की, रॉकच्या कुळात नीग्रो चर्चमधील टाळ्यांच्या तालावरची भजनेही येतात! सिस्टर रोझेटा थार्प ही बाई रॉकचा जन्म होण्यापूर्वीच विजेच्या गिटारवर धर्मगीते मुद्रित करीत होती. अर्थात आक्षेप सारेच पोकळ नव्हते. रंगमंच आला की टाळ्या येतात, तिकिटे येतात, आणि देवाची स्तुती चालली आहे की गायकाची, हे सांगणे कठीण होते. या प्रश्नाचे उत्तर चालीत सापडत नाही. अभंग म्हणणाऱ्यालाही तो चुकलेला नाही.

१९७४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तीत ॲनीने रचलेले ‘ईस्टर साँग’ हे पुनरुत्थानाचे गीत होते. १९७७ साली कीथ ग्रीन या गायकाने तेच गाणे आपल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले, आणि ते सर्वतोमुखी झाले. १९८८ साली भावंडांनी वृंद थांबविला. तोवर ते गीत चर्चच्या छापील स्तोत्रसंग्रहांत जाऊन बसले होते.