पहिल्या मिनिटाचे कोडे : लिनक्सची डिस्क सुरू का होत नाही?

अ‍ॅशबर्नमधील वॅक्सपूल रस्त्याने जाताना खिडक्या नसलेल्या ज्या प्रचंड इमारती दिसतात, त्यांच्या पोटात असंख्य संगणक अहोरात्र चालू असतात आणि त्यांतील बहुसंख्य लिनक्सवर चालतात. जगातील सत्तर टक्के इंटरनेट या गावातून वाहते असे येथे उठता-बसता सांगितले जाते. त्या आकड्याची शपथ कोणी घेऊ नये. परंतु डेटा सेंटरांची इतकी दाटी अन्यत्र नाही, एवढे खरे. आपल्यापैकी अनेकजण याच इमारतींच्या भरवशावर नोकरी करतात, दिवसाकाठी शेकडो लिनक्स सर्व्हर घडवतात आणि मोडतात. आणि तरीही रविवारी दुपारी घरातील जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्सची डीव्हीडी घालून बसले, की भलेभले पहिल्याच मिनिटाला अडतात.

यात लाजण्यासारखे काही नाही. डेटा सेंटरमधील सर्व्हर सहसा डिस्कवरून सुरू होतच नाही. तो पीएक्सई नावाच्या पद्धतीने आपली सिस्टीम नेटवर्कवरून मागवून घेतो, किंवा आधीच तयार ठेवलेल्या प्रतीवरून उभा राहतो. ती व्यवस्था कोणीतरी एकदा लावून ठेवलेली असते. त्यामुळे वीज मिळणे आणि ऑपरेटिंग सिस्टीम जागी होणे या दोन क्षणांमधले जे काही घडते, ते आपल्या रोजच्या अनुभवातून गळून गेलेले असते. घरचा लॅपटॉप नेमका तेथेच थांबतो.

हा प्रश्न सध्या अनेक घरांत उभा राहण्याचे कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. तो नसलेले कित्येक लॅपटॉप अन्यथा ठणठणीत आहेत. आईवडील उन्हाळ्यात येतात तेव्हा मराठी वाहिन्या पाहण्यासाठी वापरतात तो, मुलाने शाळा संपल्यावर टाकून दिलेला तो. अशा यंत्रावर लिनक्स घालणे शहाणपणाचेच आहे. मात्र त्याच यंत्रावर बारशाचे, मुंजीचे, गावच्या घराचे, आता हयात नसलेल्या आजीच्या आवाजाचे असे काही असते, जे अन्यत्र कोठेच नसते. म्हणून डिस्क सुरू होत नाही म्हणून चिडून सेटिंगमागून सेटिंग बदलत सुटण्यापूर्वी दोन कामे करावीत.

पहिले काम अर्थातच बाहेरच्या डिस्कवर सर्व फाइलींची प्रत घेणे. दुसरे काम कमी लोकांना ठाऊक असते. विंडोजने हार्ड डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असू शकते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. घरगुती आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने हीच व्यवस्था मुकाट्याने चालू असते. पुढे आपण सिक्युअर बूटसारखी सेटिंग बदलली, की विंडोज पुन्हा सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. पण ते खाते वडिलांच्या जुन्या ईमेलवर असेल आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, तर सारे फोटो डोळ्यांदेखत बंद पेटीत राहतात. की आधी शोधून कागदावर लिहून घ्यावी.

आता मूळ प्रश्न. सीडीवरून संगणक सुरू करण्याचा सर्वमान्य नियम फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या मंडळींनी १९९५ मध्ये ठरवला. त्याचे नाव 'एल टोरिटो'. हे नाव कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील एका मेक्सिकन उपाहारगृहावरून आले, असे सांगितले जाते. नियम साधा आहे. डिस्कवरील १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एक नोंद असते. ती एका छोट्या यादीकडे बोट दाखवते आणि त्या यादीत सुरुवातीचा प्रोग्राम कोठे आहे ते लिहिलेले असते. लॅपटॉपमधील फर्मवेअर ती नोंद वाचते, तो प्रोग्राम उचलते आणि त्याच्या हाती कारभार सोपवते. हा प्रोग्राम, बहुधा ग्रब, मेनू दाखवतो आणि लिनक्सचे कर्नल स्मृतीत आणतो. त्यानंतर कर्नल त्याच डिस्कचा स्वतः नव्याने शोध घेते आणि उरलेली सिस्टीम उघडते.

म्हणजे एकच डिस्क दोन वेगवेगळे वाचक वाचतात: आधी फर्मवेअर, मग कर्नल. 'डिस्क सुरू होत नाही' या एकाच वाक्यामागे म्हणून चार-पाच निरनिराळे आजार लपलेले असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. पडद्यावर शेवटी काय दिसले, हाच खरा पुरावा. फोनने त्याचा फोटो काढावा. आठवणीवर विसंबू नये.

समजा, काहीच दिसले नाही आणि विंडोज निमूटपणे सुरू झाले. मग फर्मवेअरने डिस्ककडे पाहिलेच नसण्याची शक्यता सर्वाधिक. विंडोजचे 'शट डाउन' हे पुष्कळदा पूर्ण बंद होणे नसते. फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेले राहते. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे, म्हणजे बाह्य साधनावरून सुरू करण्याचा पर्याय मिळतो. किंवा यंत्र सुरू होताच बूट मेनूची कळ दाबावी: डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ१२, एचपीवर एस्केप व मग एफ९.

मेनू उघडला, पण त्यात डिस्कचे नावच नाही, तर डिस्कवर संशय घ्यावा. चालू विंडोजमध्ये ती उघडून पाहावी. आत केवळ एकच मोठी आयएसओ फाइल दिसली, तर चूक हाती लागली: फाइल डिस्कवर साठवली गेली, तिच्यापासून डिस्क बनवली गेली नाही. पत्र्याचा डबा पाठवायचा तर डब्याचे चित्र पाठवल्यासारखे ते झाले. 'बर्न डिस्क इमेज' हा पर्याय वापरून पुन्हा लिहावे, आणि वेग कमी ठेवावा. दुसरा अडथळा आकाराचा. उबंटू २४.०४ ची आयएसओ सुमारे ६ जीबीची आहे आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावते. तेथे लिनक्स मिंट घ्यावी, ती सुमारे ३ जीबीत बसते. डेबियनची नेटवर्कवरून उरलेले भाग मागवणारी फाइल तर त्याहून पुष्कळ लहान असते. पुण्यातील अभियांत्रिकीच्या वसतिगृहात २००५ नंतर ज्यांनी उबंटूच्या 'शिपइट' योजनेतून टपालाने फुकट सीडी मागवली होती, त्यांच्या डोक्यात अजून सीडीचेच माप असते. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. जपून ठेवलेल्या सीडी आता स्मृतिचिन्ह म्हणूनच ठेवाव्यात.

उतरवलेली फाइल शाबूत आहे का, हे पाहणे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. वितरकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक आयएसओसाठी 'शा-२५६' नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. विंडोजमधील सर्टयूटिल ही आज्ञा आपल्या फाइलीची तशीच खूण काढून देते. एक अक्षर जरी वेगळे आले, तरी फाइल पुन्हा उतरवावी.

बूट मेनूत कधी एकच डिस्क दोनदा दिसते, एकदा यूईएफआय या उपसर्गासह आणि एकदा त्याविना. हा बिघाड नव्हे. आजच्या डिस्कवरील त्या छोट्या यादीत दोन नोंदी असतात: एक जुन्या बायोस पद्धतीसाठी, दुसरी नव्या यूईएफआय पद्धतीसाठी. कोणती निवडायची? विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घालायचे असेल, तर विंडोज ज्या पद्धतीने चालते तीच. विंडोजमधील 'सिस्टीम इन्फर्मेशन' या खिडकीत 'बायोस मोड' या शब्दांपुढे ते लिहिलेले असते. येथे चुकले, तर डिस्क व्यवस्थित सुरू होते, स्थापनाही निर्विघ्न पार पडते आणि दोन तासांनंतर कळते की दोन्ही सिस्टीम एकमेकींना ओळखत नाहीत. माझ्या मते घरगुती स्थापनेतील सर्वांत महागडी चूक हीच, कारण ती उशिरा उघडकीस येते.

डिस्क दिसली, निवडली, आणि लाल चौकटीत सुरक्षेचा भंग झाल्याची सूचना आली, तर अडवणारा सिक्युअर बूट आहे. या व्यवस्थेत फर्मवेअर केवळ मान्य स्वाक्षरी असलेलाच प्रोग्राम चालवते. लिनक्सच्या बाजूने 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीने हे दार उघडून देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या सुरक्षा-अद्यतनाने जुन्या, सदोष ठरलेल्या शिम व ग्रब यांना नकार देणारी यादी यंत्रांत बसवली. शेजारी लिनक्स असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नव्हती, परंतु अनेकांना झाली. 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असा संदेश देऊन काल चालणारी लिनक्स आज बंद पडली. जुन्या डिस्कही त्याच कारणाने नाकारल्या गेल्या. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे त्याच वितरणाची ताजी आयएसओ घेणे. तेवढ्याने भागले नाही, तरच सिक्युअर बूट तात्पुरता बंद करावा, आणि तोही रिकव्हरी की हाती असताना. मंचांवर मात्र सर्रास पहिला सल्ला 'सिक्युअर बूट बंद करा' हाच मिळतो. तो आळशी सल्ला आहे.

मेनू आला, आपण पर्याय निवडला, आणि पडदा काळा झाला. येथे बहुतेकजण डिस्कला दोष देऊन नवी लिहायला घेतात. वास्तविक डिस्कने आपले काम चोख केले आहे. अडले आहे ते ग्राफिक्सचे, विशेषतः एनव्हिडियाचे कार्ड असेल तर. उबंटूच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' आणि मिंटच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' हा पर्याय यासाठीच दिलेला असतो. तो कर्नलला 'नोमोडसेट' ही सूचना देतो, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची खास हाताळणी सुरुवातीला टाळली जाते.

सर्वांत गोंधळात टाकणारी अवस्था निराळीच. मेनू येतो, कर्नल चालू होते, अक्षरांच्या ओळी सरकतात आणि मग 'इनिटरॅमएफएस' असे लिहून यंत्र आज्ञेची वाट पाहत बसते. वर संदेश असतो की लाइव्ह फाइल सिस्टीम असलेले माध्यम सापडत नाही. माणूस चक्रावतो: ज्या डिस्कवरून आत्ताच सुरू झाला, तीच सापडत नाही? पण वर म्हटलेले दोन वाचक आठवावेत. फर्मवेअरने डिस्कचा आरंभीचा थोडासा भाग वाचला. कर्नलला मात्र संपूर्ण डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने उघडायची आहे, आणि तेथे ओरखडा, घाईने केलेले लेखन, धुळकट भिंग किंवा यूएसबीने जोडलेल्या ड्राइव्हला कमी पडणारी वीज आडवी येते. बाहेरचा ड्राइव्ह हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावावा, दुसरे पोर्ट वापरून पाहावे, डिस्क संथ वेगाने पुन्हा लिहावी. एवढे करूनही तेच घडले, तर डीव्हीडीचा नाद सोडून ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. बहुतेक वितरणांची आयएसओ डिस्क आणि पेनड्राइव्ह या दोहोंवर चालेल अशीच बांधलेली असते. विंडोजवर रूफस हे साधन ती नीट लिहून देते. केवळ फाइल ओढून पेनड्राइव्हवर टाकली, तर मघाचीच चूक पुन्हा होईल.

लाइव्ह सत्र उघडले, की लगेच 'इन्स्टॉल' दाबण्याची घाई करू नये. वायफाय, आवाज, कॅमेरा, झोपेतून जागे होणे, देवनागरी कळफलक हे सारे हार्ड डिस्कला हात न लावता येथेच तपासता येते. हार्ड डिस्क दिसते का, हेही पाहावे. काही लॅपटॉपमध्ये इंटेलच्या आरएसटी पद्धतीमुळे ती लिनक्सला दिसत नाही. फर्मवेअरमध्ये एएचसीआय निवडल्यावर दिसू लागते, पण पूर्वतयारीविना तो बदल केल्यास विंडोज सुरू होत नाही. फक्त लिनक्सच ठेवायची असेल, तर अर्थात ही काळजी उरत नाही.

स्थापना पूर्ण झाल्यावर यंत्र पुन्हा सुरू होताना डिस्क काढून घ्यावी, नाहीतर तीच पुन्हा चालू होते आणि झालेले काम वाया गेल्याचा भास होतो. डिस्क काढूनही थेट विंडोजच आले, तर घाबरून पुन्हा स्थापना करू नये. फर्मवेअरच्या यादीत 'उबंटू' किंवा 'डेबियन' नावाची नवी नोंद बहुधा झालेलीच असते, फक्त 'विंडोज बूट मॅनेजर'च्या खाली. सेटिंगमध्ये जाऊन ती वर सरकवावी आणि बदल जतन करून बाहेर पडावे.