नकाशातला एक इंच

मागच्या लाँग वीकेंडला युटा राज्यातल्या मोआबला गेलो होतो. तिथं एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात कडा फाटलेला, पिवळट पडलेला नकाशा मिळाला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १९५० च्या दशकात छापलेला, कोलोरॅडो नदीकाठच्या दऱ्यांचा. प्रमाण १:६२,५००, म्हणजे जवळपास एका इंचाला एक मैल. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटचंही हेच माप.

हा सगळा गुरं पाळणाऱ्यांचा मुलूख. तपकिरी समोच्च रेषा इतक्या दाट, की त्यांचा एकच जाड फराटा दिसतो. तो उभा कडा. असे कडे गुरांना आयतं कुंपणच. तुटक निळी रेघ म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा. कुठे झरा, कुठे गुरांचा वाडा, कुठे खाली उतरणारी जीपची वाट. वाळवंटात पाणी आणि वाट चुकली तर गुरं हातची गेली. म्हणून एवढासा झरासुद्धा नावानिशी छापलेला.

नदीकाठी 'हाइट' हे नाव दिसलं. इथं मोटारी पलीकडे नेणारी तर होती. १९६३ मध्ये ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि हाइट लेक पॉवेलखाली गेलं. नाव तेवढं वरच्या काठावर सरकलं. पुढे दुष्काळानं पाणी मागे हटलं. तिथली बोटी उतरवायची उतरणही कोरडी पडली.

मी सॉफ्टवेअरवाला. नवी आवृत्ती आली की जुनी विसरायची, ही आमची सवय. या खात्यानं मात्र १८८४ पासूनचे जुने नकाशे स्कॅन करून मोफत ठेवलेत. बुडालेलं हाइट तिथं अजून कोरडं आहे.

रात्री आजीला व्हिडिओ कॉल केला. तिचं माहेर कोयनेच्या शिवसागर जलाशयात गेलं. फोनमधल्या नकाशावर तिथं नुसता निळा रंग. म्हटलं, "आजी, तुमचा पाणोठा कुठं होता गं?"

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "कागद घे बाबा. आधी नदी काढ. आता देवळापासून खाली ये..."

तासभर ती सांगत होती, मी काढत होतो. प्रमाण चुकलंय, दिशाही बहुधा चुकल्यात. पण पाणोठ्याला, आंब्याला, वाड्याला नावं आहेत. तुमच्या घरी असं सांगणारं कुणी असेल, तर आजच फोन करा.