हेडफोनमधले खोटे स्पीकर

जुलैत लोणावळ्याचं भुशी धरण भरून वाहायला लागलं, की पायऱ्यांवरून उतरणाऱ्या पाण्याचा एक सलग ‘शूऽऽ’ गर्दीच्या कालव्यातूनही ऐकू येतो. खर्जापासून अगदी वरच्या टोकापर्यंतच्या सगळ्या कंपनसंख्या त्यात एकवटलेल्या असतात. स्पीकर तपासायला स्टुडिओत मुद्दाम वाजवतात त्या ‘पिंक नॉइज’चा हा फुकटात मिळणारा चुलतभाऊ. पाण्यात न उतरता, लांब कोरड्या जागी उभं राहून त्यावर एक छोटा प्रयोग करता येतो. डोळे मिटून आधी पायऱ्यांकडे तोंड करायचं, मग पाठ. पाणी तेच, पण पाठ फिरवल्यावर त्या आवाजाची धार जरा बोथट होते. कारण कानाच्या बाहेरच्या घड्या समोरून आलेला आवाज एका तऱ्हेने गाळतात आणि मागून आलेला दुसऱ्या तऱ्हेने. आता तोंड समोर ठेवून मान थोडी डावीकडे वळवली, तर पाणी उजव्या कानाला किंचित आधी पोचतं. हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोनतृतीयांश इतकाच असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवून मोकळा होतो.

हेडफोन घातला की हा सगळा हिशेब पुसला जातो. डाव्या कपातला आवाज डाव्याच कानात, उजव्यातला उजव्याच. मान वळवली तर सगळी मैफलही सोबत वळते. स्पीकर सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर हा पुसलेला हिशेब पुन्हा मांडू पाहतं. लोणावळा-पुण्याकडच्या बेडरूम स्टुडिओत त्याचं कौतुक होतं आणि त्याची टरही उडवली जाते. दोन्ही बाजूंना गैरसमज सारखेच आहेत.

उदाहरणासाठी भुशीतलं एखादं भजनी मंडळ धरू. देवळात चार माइकवर अभंग रेकॉर्ड झाला आहे, आणि मंडळातला एखादा पोरगा घरी लॅपटॉपवर त्याचं मिक्सिंग करायला बसला आहे. टाळ डावीकडे, पेटी उजवीकडे, पखवाज आणि बुवांचा आवाज मधोमध. घरात स्पीकर आहेत, पण रहिवासी भागात रात्री आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. शिवाय पलीकडच्या खोलीत आजी झोपलेली. म्हणजे हेडफोन आलाच.

‘सिम्युलेटर लावला की गाणं मोठ्या हॉलमध्ये गायल्यासारखं होतं’

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. खोल्या दोन असतात, एक गाण्यातली आणि एक ऐकणाऱ्याची. कार्ल्याच्या चैत्यगृहात कुणी आलाप घेतला, तर सुमारे ३८ मीटर लांबीच्या त्या दगडी दालनात तो घुमत राहतो. तो घुमारा रेकॉर्डिंगमध्ये आला की गाण्याचाच भाग झाला. ‘सैराट’ चित्रपटाच्या संगीतातली वाद्यवृंदाची बाजू अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केली. २०१६ साली थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाने जी भव्यता ऐकली, तिच्यात त्या दालनाचाही वाटा होता.

सिम्युलेटरमधली खोली या जातीची नव्हे. ती मिक्सिंग करणाऱ्याची खोली असते. चांगल्या कंट्रोल रूममध्ये दोन स्पीकरसमोर बसल्यावर कानाला काय मिळालं असतं, एवढंच ती सांगते. वेव्ह्ज कंपनीचं एक प्लगइन लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओतल्या ‘स्टुडिओ थ्री’च्या कंट्रोल रूमची नक्कल करतं. तिथले जवळचे, मधले आणि लांबचे स्पीकर बदलून ऐकता येतात. पण तो आरसा आहे, चेहऱ्यावर लावायची पावडर नव्हे.

म्हणूनच एक चूक अंगाशी येते. प्लगइन मास्टर चॅनलवर तसंच चालू राहतं आणि फाइल बाहेर काढताना ती खोटी खोली गाण्यात छापली जाते. ऐकणाऱ्याच्या खऱ्या खोलीत मग ही दुसरी खोली वाजते. टाळ पुसट होतात, बुवा दोन पावलं मागे सरकतात. यावर उपाय सोपा आहे. रीपरमध्ये ‘मॉनिटरिंग एफएक्स’ नावाची वेगळी जागा आहे, क्यूबेसमध्ये ‘कंट्रोल रूम’ आहे. तिथे ठेवलेलं काहीही फाइलमध्ये उतरत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नाही, तिथे फाइल बाहेर काढण्याआधी प्लगइन हाताने बंद करायचं, आणि त्याची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली बरी.

‘म्हणजे हे हेडफोन सुधारणारं सॉफ्टवेअर’

अर्धं खरं. इथे दोन वेगळी कामं एकाच नावाखाली विकली जातात. पहिलं काम सपाटीकरणाचं. प्रत्येक हेडफोन काही पट्ट्या फुगवतो, काही दाबतो. त्याचं मोजमाप घेऊन उलटा इक्वलायझर लावायचा. लॅटव्हियाच्या सोनारवर्क्सची ओळख मुख्यतः या कामासाठी आहे. दुसरं काम स्पीकरचा भास निर्माण करण्याचं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

दुसऱ्या कामाचं मूळ जुनं आहे. स्टीरिओसाठी तयार केलेलं संगीत हेडफोनवर विचित्र का वाटतं, याचं उत्तर बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो. समोरच्या रेषेपासून तीस अंशांवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज लांबच्या कानाला साधारण पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मध्ये डोकं असल्यामुळे त्यातला वरचा भाग कापला जातो. खर्जाच्या लाटा लांब, त्यांना डोक्याचा अडसर जाणवत नाही. त्या दोन्ही कानांना जवळपास सारख्याच मिळतात. बाउअर यांनी हीच गळती विद्युतमंडलाने तयार करून हेडफोनमध्ये सोडली. आज तिला ‘क्रॉसफीड’ म्हणतात. आताची सॉफ्टवेअर तिच्यावर कानाच्या घड्यांचा परिणाम आणि भिंतींवरून परतणारे आवाज चढवतात.

आपल्या अभंगात याचा फरक लगेच कळतो. नुसत्या हेडफोनवर पूर्ण डावीकडे ठेवलेला टाळ कानात बोट घातल्यासारखा टोचतो, म्हणून पोरगा तो कमी करतो. तोच अभंग गाडीत वाजला की टाळ सापडतच नाहीत. सिम्युलेटर चालू असता, तर टाळ कानातून निघून डाव्या कोपऱ्यात उभा राहिला असता आणि त्याचा खरा वजनदारपणा आधीच कळला असता. उलट, बुवांचा आवाज हेडफोनवर डोक्याच्या आत, टाळूखाली कुठेतरी बसतो. तिथे तो इतका जवळचा आणि स्पष्ट वाटतो की आणखी वर आणायची गरजच भासत नाही.

मात्र कोणतंही सॉफ्टवेअर हेडफोनचा पडदा बदलत नाही. मोठ्या आवाजात फाटणारा ड्रायव्हर फाटतच राहतो. चष्म्याच्या काडीमुळे कप कानाला नीट बसला नाही, तर खर्ज गळतो, आणि त्या गळतीचा सॉफ्टवेअरला पत्ताही नसतो. स्टीव्हन स्लेट ऑडिओने २०२० मध्ये ‘व्हीएसएक्स’ नावाचं सिम्युलेटर आणलं ते स्वतःच्याच हेडफोनसह, यामागचं कारण उघड आहे. नक्कल कोणत्या हेडफोनवर वाजणार हे माहीत असल्याशिवाय ती नेमकी करता येत नाही.

‘खरे इंजिनिअर हेडफोनवर मिक्स करत नाहीत’

अँड्र्यू शेप्स करतो. अडेल, रेड हॉट चिली पेपर्स अशा नावांसोबत काम केलेल्या या इंजिनिअरने आपलं बरंचसं मिक्सिंग सोनीच्या एमडीआर-७५०६ हेडफोनवर होतं, हे जाहीरपणे सांगितलं आहे. हा काही श्रीमंती थाटाचा हेडफोन नव्हे. १९९१ पासून जगभरच्या रेकॉर्डिंग रूममध्ये खुंटीला लटकलेला आढळतो. शेप्सला तो कुठे खोटं बोलतो हे पाठ आहे. तबलजीला स्वतःच्या तबल्याची शाई कळते, तसं.

घरातली ‘खरी’ खोलीही अनेकदा हेडफोनपेक्षा जास्त फसवते. आपल्याकडची बेडरूम सहसा दहा बाय बाराची. समोरासमोरच्या भिंतींमध्ये खर्ज अडकून ठरावीक जागी फुगतो आणि ठरावीक जागी मरतो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये हे पहिल्यांदा ४७ हर्ट्झच्या आसपास होतं, दहा फुटांना ५६ हर्ट्झच्या. बरोबर मधोमध खुर्ची टाकली, तर नेमका तोच खर्ज जवळजवळ गायब होतो. भिंतीला टेकलं की ढगांसारखा गडगडतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून मिळवलेला तो घुमारा खर्जाच्या या पट्ट्यात किती ठेवायचा, हे अशा खोलीत बसून ठरवणं म्हणजे पन्हाळीखाली उभं राहून पाऊस मोजण्यासारखं. (भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांसाठी: ते खर्जाचं काही करत नाहीत, शेजाऱ्यांचंही नाही. उंदरांची मात्र सोय होते.)

एक गोष्ट हेडफोन देऊ शकत नाही आणि सिम्युलेटरही नाही. मोठा स्पीकर खर्ज छातीत वाजवतो. हेडफोनवर तो फक्त कानाला कळतो, म्हणून नवखा माणूस तो वाढवत जातो आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरवर त्याचा चिखल होतो.

‘चांगलं सॉफ्टवेअर असेल तर सगळ्यांना सारखंच ऐकू येईल’

नाही, आणि दोष सॉफ्टवेअरचा नव्हे. कानाच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. या क्षेत्रातला प्रसिद्ध पुतळा ‘केमार’ नोल्स कंपनीने १९७२ मध्ये बनवला. डोकं, धड आणि कान प्रौढ अमेरिकन माणसांच्या सरासरी मापांचे. १९९४ मध्ये एमआयटीत त्याच्या कानात माइक बसवून ७१० दिशांनी आवाज सोडून मोजमापं घेतली गेली आणि ती सर्वांना खुली झाली. पुढच्या कितीतरी प्रयोगांचा पाया तीच मोजमापं ठरली. आपले कान त्या पुतळ्यासारखे नसतील, तर समोरचा स्पीकर डोक्यावर तरंगल्यासारखा किंवा पाठीमागे गेल्यासारखा वाटू शकतो. स्मिथ कंपनीचं ‘रिअलायझर’ हे यंत्र म्हणूनच ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानात छोटे माइक घालून खऱ्या खोलीतलं मोजमाप घेतं. सोपा अनुभव हवा असेल तर मानेची हालचाल टिपणारी सॉफ्टवेअर बघावीत. मान वळवल्यावर स्पीकर जागच्या जागी राहिले की पुढचं-मागचं ओळखताना मेंदूचा होणारा गोंधळ बराच कमी होतो. धरणासमोरचा प्रयोग आठवावा.

म्हणून पाच मिनिटं ऐकून ‘आपल्याला नाही जमत’ असा निकाल देणं घाईचं ठरतं. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या हॉफमन, व्हॅन रिसविक आणि व्हॅन ऑपस्टाल यांनी १९९८ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. चार जणांच्या कानांत साचे बसवून घड्यांचा आकारच बदलून टाकला. सुरुवातीला आवाज वरून येतोय की खालून, हे त्यांना कळेना. काही आठवड्यांत नव्या कानांची सवय झाली. गंमत म्हणजे साचे काढल्यावर जुने कान लगेच आठवले. तेव्हा सिम्युलेटरलाही काही दिवस द्यावेत. माहीत असलेली, आवडती गाणी आधी त्यातून ऐकावीत. अभंगाकडे नंतर वळावं.

एका ठिकाणी मात्र तो बंदच हवा: गायक माइकवर असताना. ही सॉफ्टवेअर आवाजाला थोडा उशीर लावतात आणि बुवांना स्वतःचीच तान मागून ऐकू येऊ लागते.

राहिला पाऊस. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पत्र्याच्या घरात जुलैत रेकॉर्डिंगचा विचारच नको. मिक्सिंगला मोकळ्या पाठीचा, म्हणजे ओपन-बॅक हेडफोन स्पीकरच्या जास्त जवळचा वाटतो हे खरं; पण पत्र्यावरची सर त्यातून सरळ आत येते, टाळांचे शेवट बुडवते आणि बोट नकळत आवाजाच्या चकतीकडे जातं. इथे बंद पाठीचा, म्हणजे क्लोज्ड-बॅकच बरा. बाहेरचा आवाज कापणारं ‘नॉइज कॅन्सलिंग’ प्रवासात छान, मिक्सिंगला नाही. ते हेडफोनचा स्वभाव बदलू शकतं. ‘लांबचे स्पीकर’ निवडले म्हणून कानावरचा ताण कमी होत नाही, हेही ध्यानात असावं. पडदा कानापासून बोटभर अंतरावरच असतो. अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशेबाने कानासाठीची मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटं.

एवढं सगळं सांभाळून अभंग तयार झाला, तरी तो वाजणार कुठे? निम्म्या लोकांच्या मोबाइलवर, आणि काकडआरतीला देवळाच्या भोंग्यावर. तिथे डावं-उजवं नसतंच, दोन्ही बाजू एकाच तोंडातून येतात. पेटी ‘रुंद’ वाटावी म्हणून कुणी तिच्या एका बाजूची फेज उलटी केली असेल, तर हेडफोनमध्ये ती दोन्हीकडे ऐसपैस पसरते. भोंग्यावर दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात. बुवा गातात, टाळ वाजतात, पेटीवाला फक्त भाता हलवतोय असं वाटतं. हे कळायला अॅबी रोड लागत नाही. बहुतेक मिक्सिंग सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी ‘मोनो’ नावाचं बटण असतं, ते दाबून एकदा पूर्ण अभंग ऐकायचा, सिम्युलेटर बंद ठेवून.