दोन चुली, एक विहीर

आमच्या मालवणात घरवाटणी झाली की आधी चूल वेगळी होते, मग मधे भिंत येते. विहीर मात्र सामाईक राहते. बँकेत कर्जाच्या कागदांबरोबर असे सातबारे मी पुष्कळ पाहिले. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स नांदवणं हाही त्यातलाच प्रकार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ न पेलणारी, पण धडधाकट मशीन घरोघर आहेत. लिनक्स घालावं, तर हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. मग दोन्ही ठेवायची आणि हार्डडिस्कची वाटणी, म्हणजे पार्टिशन, करायची.

या वाटणीचा उतारा डिस्कच्या आरंभी असतो. १९८३ पासूनच्या जुन्या पद्धतीत ५१२ बाइटांच्या पहिल्या खणातले ६४ बाइट त्याला दिलेले; मुख्य वाटेकरी चारच. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. नोंद पुसली तरी आतला मजकूर लगेच जात नाही. पण नोंद नसलेल्या जागेवर दुसरा कुणी घर बांधतो, तेव्हा मुलीच्या लग्नाचे फोटो कायमचे जातात.

म्हणून आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहावी. मग विंडोजची जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून कमी करावी; ज्याचं सामान, त्यानंच आवरावं. सुटलेली जागा लिनक्सला द्यावी. फोटोंसाठी एनटीएफएस पद्धतीचं तिसरं पार्टिशन ठेवावं. ते दोघांनाही चालतं. हीच सामाईक विहीर. मात्र विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. ते चालू असलं की विंडोज बंद होऊनही पुरतं उठून जात नाही. कळशी विहिरीत सोडून दोर हाती धरून झोपतं. तेव्हा लिनक्सनं तिथं लिहिलं तर पाणी गढूळ होतं.

पुढं लिनक्स नकोसं झालं, तरी घाईनं त्याचं पार्टिशन पुसू नये. मशीन सुरू होताना कुणाच्या घरात जायचं हे विचारणारा राखणदार, ग्रब, बराचसा लिनक्सच्याच घरात राहतो. तो गेला की विंडोजही उघडेनासं होऊ शकतं. आधी विंडोजचा सुरू होण्याचा मार्ग पूर्ववत करावा, मग ते घर पाडावं.

कोर्टात गेलेल्या वाटणीला निदान पुढची तारीख मिळते. प्रत न घेता पुसलेल्या डिस्कला तीही मिळत नाही.